शोधात न येणारं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आबांना नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या सुकलालला तर नाहीच. मग तुम्हालाच का? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझं हे तोंडापर्यंत येतं आणि मग मी चहाचं विचारतो.

तशी गोष्ट फार मोठी नाही. म्हणजे — मला बरीच वर्षं ती मोठी वाटत नव्हती. कॉम्प्युटरवर लिहिलेली एक ओळ. एका ओळीत काय असतं? कुणाला मारलं नाही, कुणाचं लुबाडलं नाही. पण थांबा, असं सांगायला लागलो की मी आपोआप माझीच बाजू मांडायला लागतो. सुरुवातीपासून सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट आहे. मी धुळ्याचा, देवपूरचा. नोकरीला मात्र जळगावात होतो, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. त्या काळी क्लासच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायला लागायच्या, आणि मुलं कीबोर्डला हात लावण्याआधी तो शर्टाला पुसायची. मी ‘सर’ होतो. वय चोवीस, मिशी जेमतेम, पण सर. त्या दिवसांत आबा भेटले.

आबा म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, आणि आवाज असा की कालव्याच्या या काठावरून त्या काठावरच्या मजुराला ऐकू जावा. त्यांनी स्वतःच्या घरातच रक्तदात्यांचं मंडळ काढलं होतं. बैठकीच्या खोलीत एक फोन, एक लोखंडी पेटी, आणि पेटीत दात्यांची कार्डं. कुणाचा माणूस दवाखान्यात पडला की नातेवाईक रडत आबांकडे यायचे आणि आबा चष्मा शोधत, मग कार्डं शोधत, मग पुन्हा चष्मा शोधत बसायचे. आबांची पुतणी शैलाताई फोन सांभाळायची. तीच एकदा मला म्हणाली, सर, तुमच्या त्या मशीनला हे जमेल का? मला काय, कुणी ‘जमेल का’ विचारलं की जमलंच पाहिजे. आमच्या क्लासच्या मालकांनी एक जुनं मशीन दिलं आणि मी महिनाभर संध्याकाळी बसून सगळी कार्डं त्यात भरली.

आता त्या मशीनचं थोडं सांगायला हवं, कारण माझी चूक त्याच्याच पोटात आहे. आजच्यासारखी चित्रं नव्हती, माऊस नव्हता. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि डाव्या कोपऱ्यात एक ठिपका. तो ठिपका तुमची वाट बघत बसायचा. त्याच्यापुढे आपण हुकूम लिहायचा — अमुक यादी उघड, त्यातून अमुक रक्तगटाचे काढ, ज्यांनी तीन महिन्यांत रक्त दिलेलं नाही तेवढेच ठेव, त्यांची नावं आणि फोन दाखव. हे सगळं इंग्रजीत, एका दमात, एकही स्वल्पविराम न चुकता. चुकलं की मशीन शांतपणे सांगायचं, कळलं नाही. आणि मागे उभ्या असलेल्या माणसाचा बाप ऑपरेशनच्या टेबलावर असायचा!

आबांना ते जमेना. शैलाताईला अर्धं जमायचं. म्हणून मी तो लांबलचक हुकूम एकदाच नीट लिहून मशीनमध्ये साठवून ठेवला. फाइलला नाव दिलं ‘शोध’. आता ठिपक्यापुढे फक्त ‘डू शोध’ लिहायचं, एंटर मारायचं, मशीन रक्तगट विचारणार, तो सांगायचा, की नावं समोर. आबा एका बोटाने टाइप करायचे आणि नावं आली की टाळी वाजवायचे. म्हणाले, हे म्हणजे लोणच्यासारखं झालं रे — एकदा घालून ठेवलं, आता वर्षभर वाढत राहा. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ती कार्डांची पेटी रिकामी केली आणि शैलाताईच्या आईने तिच्यात गोधड्या भरल्या. आबांचा माझ्यावर एवढा विश्वास बसला होता.

तर — त्या यादीत माझंही नाव होतं. ते मी घातलं नव्हतं हो! एका शिबिरात आबांनी मला हाताला धरून पुढे केलं. बोटाला टोचलं तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होतो. निघालं बी निगेटिव्ह. आबांना लॉटरी लागल्यासारखं झालं. सहसा न मिळणारं रक्त, आणि घरच्याच पोराच्या अंगात! त्यांनी स्वतःच्या हाताने माझं कार्ड भरलं, वर मला पेढा भरवला. त्या गटाचा मंडळात तोवर एकच माणूस होता. पाचोऱ्याचा सुकलाल पेंटर.

मी सुईला भितो.

हसा, हसा. मलाही लिहिताना हसू येतंय. चांगला सहा फुटांचा माणूस, आणि सुई पाहिली की पोटात गोळा, कानात गुणगुण, पायातली ताकद गायब. लहानपणी शाळेत देवीची लस टोचायला आले होते तेव्हा मी पांझरा नदीच्या पात्रात जाऊन लपलो होतो. हे आबांना कसं सांगणार? त्यांच्या मंडळाचा कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस, रक्तदानाची पत्रकं छापून वाटणारा माणूस — आणि तोच सुईला भितो?

पहिलं बोलावणं आलं तेव्हा मी गेलो. दोन बाटल्या हव्या होत्या, म्हणून सुकलालही आला होता. तिथेच त्याला पहिल्यांदा पाहिलं. किडकिडीत, केसांत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, खांद्याला ब्रशांची पिशवी. तो खाटेवर असा पसरला की जणू दुपारची झोपच काढायला आलाय. मी शेजारच्या खाटेवर बसलो, सुई पाहिली — दाभणच ते — आणि पोट बिघडलंय असं म्हणून बाहेर पडलो. डॉक्टरांनी त्या दिवशी एका बाटलीवर भागवलं. मी बाकावर घाम पुसत बसलो होतो तर सुकलाल दंडाला कापूस दाबत बाहेर आला. त्याला वाटलं मीही दिलंय, म्हणून गळपटलोय. रक्त दिल्यावर मिळालेला चहा आणि बिस्किटांचा पुडा त्याने माझ्या हातात ठेवला. आणि मी — मी तो खाल्ला. अख्खा पुडा.

तेव्हाच बोललो असतो तर? पोट बिघडल्याचं मी आबांना सांगितलं, आणि वर म्हणालो, काळजी करू नका, शनिवारी धुळ्याला जातोय, तिथल्या सरकारी दवाखान्यात देऊन येतो. आबा खूश. सोमवारी त्यांनी विचारलं, दिलं? मी मान हलवली. मग ती पद्धतच पडली. मी दर तीन-चार महिन्यांनी ‘धुळ्याला देऊन यायचो’. आबा चारचौघांत सांगायचे, हा पोरगा बघा, गाजावाजा न करता आपल्या गावाला देतो. मंडळाच्या वर्धापनदिनी मला शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून आहे. नारळाची आईने वडी केली, आणि ती मला गिळेना.

पण बोलावणं जळगावातून केव्हाही आलंच असतं ना? ‘शोध’ने माझं नाव काढलं की शैलाताई फोन करणारच. म्हणून एका संध्याकाळी, आबा फिरायला गेले असताना, मी ती साठवलेली फाइल उघडली आणि शेवटी एक अट वाढवली. गट जुळला पाहिजे, तीन महिने झाले पाहिजेत — आणि नोंदणी नंबर माझा नसला पाहिजे. एवढंच. फाइल बंद केली. पडद्यावर पुन्हा तो ठिपका, वाट बघत.

हीच ती ओळ.

बोलावणं टाळायला मला पुन्हा कधी खोटं बोलावं लागलं नाही, हे तुमच्या लक्षात येतंय का? दर वेळी शैलाताई ‘डू शोध’ लिहायची, आणि माझं खोटं माझ्या वतीने मशीन बोलायचं. मी तेव्हा क्लासमध्ये मुलांना शिकवत असायचो, नाहीतर सिनेमाला गेलेलो असायचो. आबांच्या बरणीत मी काय घातलंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि दर वेळी सुकलाल यायचा. त्याच्याकडे फोन नव्हता. शेजारच्या किराणा दुकानात निरोप द्यायचा, दुकानदाराचं पोर धावत जाऊन त्याला परांचीवरून खाली उतरवायचं, आणि हा मिळेल त्या पॅसेंजरने जळगाव गाठायचा. रोजचं काम बुडायचं. मी एकदा त्याला म्हणालो — कोणत्या तोंडाने म्हणालो देव जाणे — भाऊ, तुम्हाला फार त्रास होतो. तो म्हणाला, “रंगवाला माणूस शे मी भो, लाल रंग मन्हाकडे कमी पडाव नही.” आणि हसत सुटला. गोल, भरदार अक्षरं काढण्यात पाचोरा-भडगाव पट्ट्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. तो सूत मारत नसे, पट्टी लावत नसे. नुसता भिंतीसमोर उभा राहायचा, डोळे बारीक करायचा आणि सरळ रेघ ओढायचा. मला तो माणूस फार आवडायचा. हे खोटं नाही. त्याच्यासाठी मी बाजारातून चांगले ब्रश आणायचो, त्याच्या पोरीला गणित शिकवायचो. रक्त सोडून बाकी सगळं द्यायला मी तयार होतो.

आता ती दुपार. वैशाखाची, डांबर मऊ करणारी. मी आबांकडे जेवायला होतो, कळण्याची भाकरी आणि ठेचा. एवढ्यात सुकलालची बायको धापा टाकत दारात आली. कमलवहिनी. सुकलाल त्या दिवशी जळगावातच होता, एका कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीवर जाहिरात रंगवत होता, आणि ती त्याचा डबा घेऊन आली होती. परांचीचा बांबू सटकला आणि तो खाली रचलेल्या पत्र्यांवर पडला. उजव्या हाताला दंडापासून मनगटापर्यंत पत्र्याने चिरलं होतं. रक्त खूप गेलं होतं. डॉक्टर म्हणत होते हाताच्या शिरा जोडायला आत घ्यायचंय, पण अंगात रक्तच नाही, आधी रक्त आणा. गावात त्या गटाची बाटली नव्हती. ओ निगेटिव्ह चाललं असतं, पण तसा आमचा एकमेव दाता सुरतेला लग्नाला गेला होता.

शैलाताईने हात धुतले नाहीत. तशीच खुर्चीवर बसली आणि लिहिलं, डू शोध. मशीनने गट विचारला. तिने सांगितला. मशीन जरा घरघरलं आणि त्याने एक नाव दिलं.

सुकलाल.

एकच नाव. सुकलाल पेंटर, पाचोरा, निरोप किराणा दुकानात. तीन महिने होऊन गेले होते ना त्याला, त्यामुळे नाव बरोबर आलं. शैलाताई त्या नावाकडे बघत राहिली आणि तिने तोंडावर पदर धरला. कमलवहिनीला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. ती माझ्याकडे वळली. “भाऊ, मशीन काय म्हनस?”

मी उभा राहिलो. हे खरं आहे, मी उभा राहिलो. आत काहीतरी म्हणत होतं की बोल, आत्ता बोल. माझ्या अंगात त्याचंच रक्त होतं, चांगलं पाच-सहा लिटर, धडधडत. दवाखाना सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर. मी तोंड उघडलं सुद्धा असेन. पण आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. म्हणाले, “बस. माहितीय मला तुझा जीव. पण तू मागच्याच महिन्यात धुळ्याला दिलंयस. एक पडलाय, त्याच्यामागे दुसरा पाडायचा नाही मला.”

आणि मी बसलो.

आता जे सांगायचंय ते हेच, बाकीचं सगळं याच्याभोवती फिरत होतो. बसल्यावर मला काय वाटलं माहीत आहे? शरम नाही. शरम नंतर आली, आणि आल्यावर गेली नाही. पण त्या क्षणी — मला हायसं वाटलं. सुटलो असं वाटलं. समोर सुकलालची बायको उभी होती, पडद्यावर सुकलालचं नाव होतं, आणि माझ्या छातीतून सुटकेचा श्वास बाहेर पडला. एक वाक्य बोलायचं होतं. ‘आबा, मी धुळ्याला कधीच दिलेलं नाही.’ मला ते जमलं नाही. उलट मीच कमलवहिनीला म्हणालो, “वहिनी, मशीन म्हणतं इथे कुणी नाही. धुळ्याहून मागवू.”

आबांनी धुळ्याला फोन लावला. रक्त निघालं, बर्फाच्या डब्यात, जीपने. रस्ता तुम्हाला माहीत असेल, पारोळा, एरंडोल, मध्ये रेल्वेचं फाटक. जीप येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. सुकलाल वाचला. डॉक्टर भला माणूस होता, त्याने जोडता येईल ते सगळं जोडलं, आणि बाहेर येऊन आबांना एवढंच म्हणाला की जरा आधी आत घेता आलं असतं तर बोटांची ताकद वाचली असती. हात आहे. दिसायला पूर्ण हात आहे. पण त्यात ब्रश धरता येत नाही.

मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो, मोसंब्या घेऊन. त्याला बघितलं आणि मला रडू कोसळलं. हमसून हमसून रडलो. तर तो डाव्या हाताने माझी पाठ थोपटायला लागला. “तू काबर रडस भो? तू ते रगत देवाले तयार व्हता. आबानी सांगं माले.” त्या क्षणी तरी सांगायचं होतं की नाही? वॉर्डात गर्दी होती, तो अशक्त होता, शेजारचा पेशंट ऐकत होता — बघा, कारणं कशी सुचतात अजून. मी त्याला मोसंबी सोलून दिली.

पुढच्या आठवड्यात मी ‘शोध’ उघडून ती ओळ पुसली. शैलाताईने नंतर कधीतरी ‘शोध’ चालवला तर माझं नाव आलं. ती म्हणाली, अरे वा, सर, आज तुम्ही कसे काय आलात? मी म्हणालो, मशीनला आज आठवण झाली. ती हसली. त्यानंतर मी रक्त दिलं का? दिलं. डोळे मिटून, दात खाऊन, बरीच वर्षं दिलं. ते इथे मांडायचं नाही, त्याने काही फिटत नाही.

चार-पाच वर्षांनी मला धुळ्यात कॉलेजात नोकरी लागली आणि देवपुरात दोन खोल्यांचं घर झालं. वास्तुशांतीला सुकलाल पाचोऱ्याहून आला, एसटीने, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी. तोवर त्याने रंगाचं छोटं दुकान टाकलं होतं आणि रिकाम्या वेळात डाव्या हाताला वळण लावत होता. “डावा हातनी पयली पाटी शे,” तो म्हणाला. “तुन्हाच नावनी काढी.”

पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. अविनाश पाटील. आणि खाली, जरा लहान, रक्तदाता. अक्षरं एका बाजूला कलली होती, सगळी एकाच बाजूला, वाऱ्यात उभी असल्यासारखी. ज्या माणसाला पट्टी लागत नव्हती त्याने खाली पेन्सिलीने रेघ मारलेली दिसत होती. आबा धुळ्याला आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. खिळा मीच ठोकला.

ती पाटी अजून दारावर आहे. घर वाढलं, दार बदललं, पाटी तीच. पोरं म्हणतात, बाबा, आता स्टीलची करू या. मी नको म्हणतो, आणि त्यांना वाटतं मित्राच्या प्रेमाखातर. ते चूक नाही.

सुकलाल दर दिवाळीला येतो. केस आता सगळेच पांढरे, रंगाची गरज उरली नाही. मागच्या दिवाळीला आला तर आत यायच्या आधी दारातच थांबला. रुमालाने पाटी पुसली, डोळे बारीक केले. नाव ठीक होतं, खालचा शब्द मात्र उन्हाने फिका पडला होता. “रंग उडी गया भो,” म्हणाला. “ब्रश आन.”

मी घरातून ब्रश आणि लाल रंगाचा डबा आणला, झाकण उघडलं. त्याने डाव्या हाताने ब्रश बुडवला, उजवा हात भिंतीला टेकवला आणि तो शब्द पुन्हा एकदा नीट गिरवला. पूर्ण होईपर्यंत मी डबा धरून उभा होतो.